आर्लन रूडचा पहारा

माझा मेहुणा आर्लन रूड यानं आयुष्यभर तीन कामं केली. गावचं धान्याचं कोठार चालवलं, दर रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी केली, आणि डोंगरात जाताना छातीवर रिव्हॉल्व्हर वागवलं. पहिल्या दोन कामांबद्दल कोणाची तक्रार नव्हती. कॉफी पातळ असायची खरी, पण आमच्या लुथरन पंथाच्या लोकांत कपाचा तळ दिसला नाही तर यजमान उधळ्या आहे असं समजतात.

रिव्हॉल्व्हर फॉर्टी-फोर मॅग्नमचं, लांब नळीचं, हातात विटेएवढं जड. नोरीनशी लग्न झालं त्याच वर्षी त्यानं ते घेतलं. नोरीन माझी थोरली बहीण. तेव्हापासून एल्कच्या शिकारीलाच काय, बायका हकलबेरीची रानफळं तोडायला निघाल्या तरी हा पुढे, आणि छातीवर चामड्याच्या पट्ट्यांत ते धूड. आमच्या रॉस कूलीत याला कोणी हसत नाही. मोंटाना राज्यातलं हे गाव जिथे संपतं तिथेच डोंगर सुरू होतो, आणि डोंगर ग्रिझली अस्वलांचा आहे. हसतात ते कमरेला पिस्तूल लावणाऱ्याला. पाठपिशवीचा पट्टा कमरेवर आला की पिस्तूल त्याखाली दबतं, आणि पट्टा सोडेपर्यंत अस्वल थांबत नाही.

खरी गरज लागते ती शिकार पडल्यावर. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. ते जागच्या जागी सोलायचं, तंगड्या सोडवायच्या, पिशव्यांत भरायचं आणि पाठीवरून खाली आणायचं. रक्ताचा वास वाऱ्याबरोबर जातो आणि ग्रिझलीला वेगळं आमंत्रण लागत नाही. म्हणून आमच्याकडे एक जण गुडघ्यावर बसून सुरी चालवतो, आणि दुसरा त्याच्याकडे पाठ करून, हत्यारावर हात ठेवून झाडीकडे बघत उभा राहतो. सुरीवाल्यानं मान वळवायची नाही. मान वळली की हात थांबतो, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाचा अपमान होतो तो वेगळाच. नोरीनचं लग्न ठरत होतं तेव्हा आमच्या आईनं मुलाच्या शेतीची चौकशी केलीच नाही. "पहाऱ्याला उभा राहतो का नीट?" एवढंच विचारलं.

राहायचा. खांबासारखा राहायचा. आर्लन पहाऱ्याला आणि नोरीन सुरीला, ही वाटणी पहिल्याच वर्षी ठरली आणि पुढे कधी बदलली नाही. नोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांचं जेवण रांधायची, त्यामुळे मांस कापणं तिच्या हातातलं. शिवाय तोंडात रबराचा तुकडा धरून ती एल्कच्या मादीचा आवाज असा काढायची की नर तर नर, खऱ्या माद्याही बघायला यायच्या. ती बोलावणार, आर्लन धनुष्यानं मारणार. धनुष्य मात्र त्याच्या हातात शोभायचं. तिथे नेम चुकलेला मी पाहिला नाही.

गेल्या हिवाळ्यात आर्लनच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की फॉर्टी-फोरचा धक्का आता या हाडाला झेपायचा नाही, काहीतरी हलकं बघा. झालं. गावाला वर्षभराचा विषय मिळाला.

आमच्या कॅफेत सकाळी जे टोळकं बसतं, त्यात वेंडेल बाक्के मुख्य. वेंडेल पूर्वी विमानातून शेतांवर औषध फवारायचा. इतकी वर्षं इंजिनाच्या आवाजात गेल्यामुळे तो कुजबुजतो तेही पेट्रोलपंपावर ऐकू जातं.

"टेन एमएमचं पिस्तूल घे," वेंडेल म्हणाला. "मॅगझिनमध्ये भरपूर गोळ्या. एक नाही लागली तर दुसरी लागते."

"अस्वल काय हप्त्याहप्त्यानं येणार आहे?" मी म्हणालो. "रिव्हॉल्व्हरच बरं. अडकत नाही."

"डेल, तू आयुष्यभर बर्फ लोटायची गाडी चालवलीस. तुला काय कळतंय?"

"मला एवढं कळतंय की तू ज्या शेतावर औषध मारायचास त्याच्या शेजारच्या शेतातले किडे मरायचे."

आर्लन दोघांचं ऐकून घेई. मग वेंडेल ठरलेलं वाक्य टाकी, "कुठलंही घे, पण नळीच्या टोकावरची नेमाची माशी तेवढी कानशीनं घासून टाक."

"का?" असं कोणीतरी विचारायचं असतं. आम्ही पाळीपाळीनं विचारतो.

"म्हणजे अस्वल ते तुझ्या हातून काढून घेईल आणि नको तिथे घालेल, तेव्हा टोचणार नाही."

हा विनोद मला माझ्या बापानं सांगितला, बापाला त्याच्या बापानं. माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात तो पास्टरनं सांगितला. आम्ही अजून हसतो, कारण न हसलं तर सांगणारा पुन्हा समजावून सांगतो.

उन्हाळा येईपर्यंत आर्लनच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर गावातली निम्मी पिस्तुलं जमली. ज्याच्याकडे जे होतं ते त्यानं वापरून बघायला आणून दिलं. वेंडेलचं टेन एमएम आलं, माझं आखूड नळीचं थ्री-फिफ्टी-सेव्हन आलं, त्याचा मुलामा पार उडालेला. एक नाइन एमएम आलं, एक कोणाच्या तरी आजोबांचं. नोरीनला रुबार्बच्या आंबट देठांचा पाय, म्हणजे सारण भरून भाजलेली गोड पोळी, ठेवायचा झाला की ती पिस्तुलं बाजूला सारायची आणि खाऊन झालं की परत जागेवर ठेवायची. कोणतं घ्यावं यावर ती अवाक्षर बोलत नसे. आम्हीही तिला विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

अखेर आर्लननं निकाल लावला. वेंडेलच्या कपाटातलं फोर-फिफ्टी-फोर, म्हणजे जुन्या फॉर्टी-फोरपेक्षाही दांडगं.

"अरे, डॉक्टरीणबाई हलकं म्हणाल्या ना?" मी विचारलं.

"मनगट एकच गोळी सहन करणार असेल," आर्लन म्हणाला, "तर ती एक मोठी असलेली बरी."

 कोठारातला हिशेब आयुष्यभर चोख ठेवलेला माणूस. वेंडेलला तर हा विचार इतका आवडला की त्यानं तो कॅफेत स्वतःचा म्हणून सांगितला.

तेव्हा नोरीन पहिल्यांदा बोलली. "घेण्याआधी खाणीत जाऊन बघू या," ती म्हणाली. "मी भरून देते."

गावाबाहेर खडीची जुनी खाण आहे, तिथे आम्ही नेमबाजी करतो. आणि 'मी भरून देते' याचा अर्थ आमच्याकडे लहान मुलालाही कळतो. धक्क्याला घाबरून गोळी सुटायच्या आधीच हात झटकणारी माणसं असतात. स्वतः त्यांना पत्ता नसतो. ते ओळखायचं तर हत्यार दुसऱ्यानं भरायचं, आणि गोळ्यांच्या मध्येच एखाददुसरं उडालेलं रिकामं टरफल घालायचं. गोळी उडाली तर गडबडीत काही दिसत नाही. रिकाम्यावर घोडा पडला की नुसतं 'टक' होतं, आणि हातानं काय केलं ते चारचौघांना दिसतं.

आर्लन खुशाल तयार झाला. खाणीत वेंडेल होता, मी होतो. नोरीननं रुबार्बचा पाय भाजायची पत्र्याची थाळी मातीच्या ढिगावर उभी केली, पाठ फिरवून रिव्हॉल्व्हर भरलं आणि त्याच्या हातात दिलं. पहिली गोळी उडाली. थाळीच्या अलीकडे माती उडाली. आर्लननं मनगट झटकलं आणि "वारा आहे" म्हणाला. वारा नव्हता. मग पुन्हा नेम धरला, चाप ओढला.

टक.

नळी थेट त्याच्या बुटांकडे गेली होती. आणि डोळे मिटलेले होते, दोन्ही. नदीत उडी टाकताना पोरं मिटतात तसे घट्ट.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. वेंडेलसारखा वेंडेल आपल्या टोपीत काहीतरी शोधू लागला. नोरीन म्हणाली, "दुसरं घेऊ." टेन एमएम घेतलं. टक, नळी खाली. नाइन एमएम घेतलं, तेच. शेवटी मी गाडीतून माझं बावीसचं हलकं पिस्तूल आणलं. त्याचा धक्का बाकावर शेजाऱ्याचं कोपर लागावं एवढा. त्याच्यावरही नळी खाली आणि डोळे बंद. म्हणजे दुखणं मनगटात नव्हतंच, आवाजाच्या धास्तीत होतं. धनुष्याला आवाज नसतो म्हणून तिथे ते इतकी वर्षं दिसलं नव्हतं, आणि रिव्हॉल्व्हर त्यानं चालवलंच कितीदा? छातीवर असलं की पुरे, अशी सगळ्यांची समजूत.

नोरीननं टरफलं वेचून खिशात टाकली. "यंदा मी सुरी घेऊन तुझ्या भरवशावर बसणार नाही, आर्लन," ती म्हणाली. "माझे गुडघे आता पटकन उठत नाहीत."

"मग मी एकटा जातो," आर्लन म्हणाला.

तो जाईल हे आम्हाला ठाऊक होतं. हट्टाला त्याच्या घराण्यात देवाच्या खालोखाल मान आहे. सत्तरी ओलांडलेला माणूस, ग्रिझलीच्या जंगलात, रक्तात कोपरापर्यंत हात, मागे कोणी नाही आणि छातीवर असं हत्यार की ज्यानं तो फार तर स्वतःच्या पायाला इजा करेल. मला भीती वाटली. नोरीनला माझ्यापेक्षा जास्त वाटली असणार, पण ती घरी जाऊन बटाटे सोलायला बसली.

पुढचे कित्येक दिवस त्या घरात फक्त मिठाची बाटली इकडे दे, एवढंच संभाषण होतं. आर्लन तळघरात जाऊन रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढत बसायचा. रिकामं आहे हे ठाऊक असल्यामुळे तिथे हात अगदी स्थिर राहायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

एका दुपारी तो माझ्याकडे आला. खुर्चीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"अस्वलावर मारायचा स्प्रे घे ना," मी म्हणालो. "त्याला नेम लागत नाही."

"पहाऱ्याला स्प्रेचा डबा घेऊन उभा राहू?"

"डोळे मिटून उभा राहतोस त्यापेक्षा डबा बरा."

हे मी जरा जास्तच बोललो. पण तो चिडला नाही. टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला.

"डेल, त्या दिवशी तिनंच भरलं होतं ना?"

"तिनंच."

"म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं. नाहीतर कोण कशाला नवऱ्याच्या पिस्तुलात रिकामी टरफलं घालेल? कधीपासून ठाऊक असेल?"

"तिलाच विचार की."

"नाही विचारणार," तो म्हणाला, आणि कॉफी न पिताच गेला. आमच्याकडे कॉफी टाकून जाणं म्हणजे घरात कोणी गेल्याचं लक्षण, म्हणून मी संध्याकाळी त्यांच्या घरी डोकावलो.

टेबलावर सगळी पिस्तुलं एका ओळीत मांडलेली होती, नळ्या भिंतीकडे करून. आर्लन एका बाजूला उभा, नोरीन हात पुसत दुसऱ्या बाजूला.

"तुझ्या हाताला कोणतं बसतं बघ," आर्लन म्हणाला.

नोरीननं त्याच्याकडे बघितलं.  मग एकेक उचलायला लागली. वेंडेलचं टेन एमएम उचललं, मूठ बोटांत मावेना, ठेवून दिलं. आजोबांचं उचलून त्याची धूळ पुसली आणि ठेवलं. फोर-फिफ्टी-फोरला हातच लावला नाही. माझं मुलामा उडालेलं थ्री-फिफ्टी-सेव्हन मात्र तिनं उचललं, उघडून रिकामं आहे याची खात्री केली, हातात तोललं.

"हे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खाणीत मी भरून दिलं, आणि भावाच्या हक्कानं रिकामी टरफलं चांगली भरपूर घातली. तिनं नेम धरला. गोळी, थाळी उडून पडली. थाळी परत उभी केली. टक. नळी टेबलावर ठेवल्यासारखी जागच्या जागी. डोळे उघडे. पुन्हा टक, पुन्हा तसंच. मला नवल वाटायचं कारण नव्हतं. लहानपणी बाप आम्हा दोघांना शेतात घुशीसारखी बिळं करणारे गोफर मारायला पाठवायचा, तेव्हा ती मारायची आणि मी शेपट्या गोळा करायचो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळं गाव उन्हाळाभर कोणतं पिस्तूल म्हणून भांडत बसलं, आणि ते धरणार कोण हे ठरलेलंच आहे असं सगळ्यांनी धरून चाललं. त्यात मीही होतो.

आर्लन भोकं पडलेल्या थाळीकडे बघत राहिला. मग आपल्या छातीवरचे चामड्याचे पट्टे त्यानं सोडले, नोरीनच्या खांद्यावरून घालून बघितले.

"छोटे करावे लागतील," तो म्हणाला.

सप्टेंबरात ते दोघं वर गेले. माझा गुडघा चढाला साथ देत नाही, म्हणून मी पायवाट सुरू होते तिथे गाडीत बसून राहिलो. दुपार कलली तेव्हा ते उतरताना दिसले. चाल नेहमीपेक्षा भरभर होती, आणि पाठीवरचं ओझं पूर्ण एल्कच्या मानानं बरंच कमी होतं. माझ्या ट्रकला पुढे एकच लांब सीट आहे. नोरीन मधे बसली, आर्लन खिडकीशी. त्याच्या हातांवर कोपरापर्यंत रक्त वाळलेलं होतं. मी गाडी सुरू केली.  मग आर्लननंच सांगायला सुरुवात केली.

एल्क एका बाणात पडला. आर्लन सुरी घेऊन बसला, नोरीन त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. सुरी त्यानं लग्नानंतर धरलीच नव्हती, त्यामुळे न्हाव्याच्या हाताखाली पहिल्या दिवशी शिकाऊ पोर बसावं तशी गत. नोरीन मागे न बघता सांगत होती, मांडीच्या आतून घे, हाडाला लागून चल. मग तिचं सांगणं थांबलं. थोड्या वेळानं शाळेत रांग मोडणाऱ्या पोरांना दटावायची त्याच आवाजात ती म्हणाली, "ए, तिथेच थांब."

आर्लन थांबला.

"तू नाही," ती म्हणाली. "तू काप."

तेव्हा त्याला समजलं. मग त्याला ऐकूही आलं. अस्वल जबडे वाजवत होतं, कोणी सुकी लाकडं एकमेकांवर आपटावीत तसं. नोरीन अस्वलाशी हळू आवाजात बोलत होती, इथे काही नाही, जा बाबा, वगैरे. आर्लन कापत राहिला. सुरी घसरत होती, पण तो कापत राहिला.

"दुसरी तंगडी सुटली?" नोरीननं विचारलं.

"सुटतेय."

"ती घे आणि उठ. बाकीचं त्याचं."

दोघं पावलापावलानं मागे सरकले. अस्वल पुढे आलं आणि उरलेल्या एल्कवर बसलं. नोरीननं गोळी झाडली नाही. झाडायची वेळ आली असती तर कुठे लागली असती याबद्दल आमच्यापैकी कोणालाच शंका नाही.

"मी मान वळवली नाही, डेल," आर्लन म्हणाला. "भीती होतीच. पण ती उभी होती ना. एकदाही वळवली नाही."

ट्रक खडीच्या रस्त्याला लागला. आर्लन खिडकीबाहेर बघत होता. मग बायकोकडे न बघताच त्यानं विचारलं, "तू मान वळवायचीस?"

"दरवेळी," नोरीन म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. नवीन रिव्हॉल्व्हर मला दाखवायला म्हणून तू एका बुंध्यावर गोळी झाडलीस. बुंधा तसाच राहिला. मी तुझे डोळे बघितले होते."

"एवढी वर्षं?" आर्लन तिच्याकडे वळला. "मग माझ्याकडे पाठ करून बसत का राहिलीस?"

"नसते बसले तर तू एकटा गेला असतास."

मी गाडी चालवत होतो, त्यामुळे मला समोर बघायला निमित्त होतं. आर्लनला नव्हतं. तो तिथेच, आम्हा दोघांच्या देखत, मोठ्यानं रडला. आमच्याकडे माणसं असं करत नाहीत, निदान गाडीत तरी नाहीत. त्याचे दोन्ही हात रक्तानं माखलेले होते, म्हणून त्याचं नाक नोरीननं आपल्या बाहीनं पुसलं.